दम आधी, पन्हाळा नंतर : सायकलच्या नोंदी

13 ऑक्टोबर 2024, रविवार

काम असं ठरलंय : जानेवारीच्या मध्यापर्यंत नेमानं सायकल मारायची आणि मग रक्त पुन्हा तपासायचं.

गेल्या आठवड्यात रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी चाचणी केली, आकडा 6.2 आला. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून पुढं मधुमेह. आईला माझ्याच वयात गोळ्या सुरू झाल्या आणि दुखणं पुढं डोळ्यांपर्यंत गेलं. ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे मनावर घेतलंय. डॉक्टरांनी तीन महिने दिले. तीनच का, हे विचारून घेतलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही चाचणी मोजते. महिन्याभरात तपासलं तर निम्मा हिशेब जुनाच निघणार.

चालणं सोडून सायकल का? टाच. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकावी लागतात. सायकलवर अंगाचं वजन सीट आणि हँडल वाटून घेतात, टाचेवर आदळत नाही. शिवाय मांड्या हे शरीरातले मोठे स्नायू. ते काम करायला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनचीही फारशी गरज लागत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हाच सायकल पक्की झाली.

वेळेचा हिशेब : जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. कोल्हापुरात आमच्या पेठेत पाणी पहाटे येतं. ते भरून झाल्यावर डबे करायला लागेपर्यंतचा तासभर माझा. पतसंस्थेत दहाला पोचावं लागतं, संध्याकाळचा भरवसा नाही. म्हणजे पहाटच.

19 ऑक्टोबर

सायकल मिळाली. नणंदेचा मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याची हायब्रीड, म्हणजे डांबरी रस्त्याला सोयीची सायकल, घरात धूळ खात होती. दुकानात जाऊन आले होते. तिथं जाड टायरची, पुढं सस्पेन्शन असलेली सायकल दाखवली. दिसायला दणकट, पण उचलली तर जड, आणि डांबरी रस्त्यावर त्या टायरचं घर्षण उगाच जास्त. माझा सगळा रस्ता डांबरी आहे. हायब्रीडच बरी.

घ्यायच्या आधी उंची पाहिली. दांडीवर पाय टाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवले की दांडी आणि अंग यांत तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. राहते. भाचा माझ्याच उंचीचा आहे. सायकल लहान-मोठी असेल तर पुढं कितीही सीट वर-खाली केलं तरी पाठ आणि खांदे कुरकुरतात, म्हणून घरातली फुकट मिळते या एका कारणानं कुणी घेऊ नये. पहिल्यांदा मापच बघावं.

वाचलेले पैसे इथं घातले : हेल्मेट, मागं लावायचा लाल लुकलुकणारा दिवा, पुढचा पांढरा दिवा, नवे ब्रेक पॅड, नवी चेन. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागं सरकवलेलं हेल्मेट काही कामाचं नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

सीट. यावर आजची सगळी सकाळ गेली आणि ती जाण्यासारखीच गोष्ट आहे.

आपल्याकडं सीट इतकं खाली ठेवायची सवय असते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पुरावेत. शाळेत असताना तसंच चालवलं. पण मग पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि सगळा ताण वाटीवर येतो. सायकलच्या मिस्त्रींनी शिकवलेली रीत : भिंतीला धरून सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेच्या जागी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. तीच उंची. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्यामागची शीर ताणली तर वर आहे. पायडल मारताना कमर डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल तरी वरच आहे.

आता थांबताना सीटवरून पुढं उतरून उभं राहावं लागतं. पहिल्यांदा भीती वाटते. मोकळ्या मैदानात चढणं-उतरणं तेवढंच करत राहिले, तेव्हा हात-पाय सुटले.

23 ऑक्टोबर

रंकाळा तलाव. टॉवरपासून निघून जुना वाशी नाका, क्रशर चौक असं सावकाश. पहाटे फिरायला येणारी माणसं भरपूर, त्यामुळं बाईमाणसानं एकटीनं निघायलाही इथं धीर येतो. नवख्यासाठी गावात याहून चांगली जागा मला सुचत नाही. चढ जवळपास नाहीच, दिवे आहेत, आणि कंटाळा आला किंवा दमलं तर घर दहा मिनिटांवर.

मात्र फिरणाऱ्यांचा पदपथ सायकलीसाठी नाही. रस्त्यावरूनच, डाव्या कडेनं, आणि माणूस दिसला की लांबूनच घंटी.

27 ऑक्टोबर, रविवार

ऑफिसात सगळ्यांचं एकच : “वैनी, पन्हाळा कधी?” कोल्हापुरात सायकल घेतली म्हणजे पन्हाळा आलाच. इथं आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी लांब पल्ल्याची शर्यत) झालेली माणसं आहेत, पहाटे बावड्याच्या रस्त्याला घोळक्यानं जाणारे आहेत, त्यामुळं सायकल म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. एकानं तर पुढच्याच रविवारी चल म्हणून आग्रह धरला.

शेजारचे आप्पा तालमीत वस्ताद होते. त्यांना विचारलं. कट्ट्यावर बसून त्यांनी सायकल नीट बघितली, ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाले, “पन्हाळा कुठं पळून जातोय सूनबाई? नवं पोरगं तालमीत आलं की त्येला आम्ही लगेच जोडीला सोडत न्हाय. आधी हौद्यातली माती उकरायची. बैठका मारायच्या. दम आला की मग डाव. रग आधी आली तर पोरगं मोडतं.”

हेच माझ्या प्रकल्पाचं सूत्र म्हणून लिहून ठेवते. दम आधी. पहिले दोन महिने अंतराकडं आणि वेगाकडं बघायचंच नाही. बघायचं ते एवढंच, की बोलता येतंय का. मध्यम व्यायामाची साधी खूण अशी सांगतात, की बोलता यावं पण गाता येऊ नये. एकटीनं बोलायचं काय, म्हणून मी पाढे म्हणते. सतराचा पाढा मोठ्यानं, मध्ये श्वासासाठी न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर. “सतरा सत्ते” पाशी धाप लागली तर गिअर हलका करायचा.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीत खाडे झाले. फराळाबद्दल एवढंच : तासभर मध्यम वेगानं सायकल मारून माझ्या वजनाला साधारण 300 ते 400 कॅलरी खर्च होतात. चकली, करंजी आणि एक लाडू यात त्या भरून निघतात. सायकल मारली म्हणून खायची सूट मिळते हा हिशेब जुळत नाही. लाडू खाल्ला तो भावानं आणला म्हणून खाल्ला, आनंदानं खाल्ला.

7 नोव्हेंबर

गिअर समजले. लेक नववीत आहे, तिनं वही घेऊन बसवलं.

पुढं तीन चकत्या : 48, 38 आणि 28 दात्यांच्या. मागं सात : सगळ्यात लहान 14, सगळ्यात मोठी 28. पुढं 48 आणि मागं 14 असेल तर पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळपास साडेतीन वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात साडेसात मीटर. पुढं 28 आणि मागं 28 ठेवलं तर एका फेऱ्यात चाकही एकदाच, 2.2 मीटर. जोर तितकाच कमी. चढावर हाच आपला सोबती.

यावरून पुढची गोष्ट सुटली. जड गिअर टाकून मिनिटाला पन्नासेक फेरे मारत गेलं की व्यायाम चांगला झाला असं वाटतं, पण दमतो तो गुडघा. हलक्या गिअरवर सत्तर-ऐंशी फेरे मारले तर भार छातीवर, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांवर जातो. आपल्याला दम वाढवायचाय, तेव्हा हेच हवं. मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजायचं, चारनं गुणायचं.

दोन बारक्या गोष्टी. गिअर बदलताना पाय फिरता हवा पण जोर काढून घ्यायचा, नाहीतर चेन कडकडते. आणि पुढं मोठी चकती असताना मागंही सगळ्यात मोठी, किंवा दोन्हीकडं लहान, असं ठेवायचं नाही. चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते.

15 नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा. पंचगंगा घाटावर दीपोत्सवाची गर्दी, त्यामुळं नदीकडं न जाता विद्यापीठाच्या बाजूला गेले. सायबर चौकाकडून येताना चढ आहे हे गाडीवर कधी कळलंच नव्हतं. सायकलवर प्रत्येक चढाची ओळख होते.

24 नोव्हेंबर, रविवार

फुलेवाडीतून बालिंग्याकडं. भोगावतीचा पूल ओलांडून पुढं थोडं. रंकाळ्याबाहेरचा पहिला लांब रस्ता, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना ऊस.

आणि रस्त्यावरही ऊस. कारखान्यांचा हंगाम सुरू झालाय. नवख्या सायकलवाल्यानं कोल्हापूर जिल्ह्यात हिवाळ्यात बाहेर पडायचं तर हे नीट समजून घ्यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, त्यामुळं ट्रॉली रस्त्यावर दिसते त्याहून रुंद असते. पुढं जाताना ट्रॅक्टर पुरेसा लांब वाटला तरी मागची ट्रॉली वळणावर आत कापते. तिच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मधल्या फटीत कधीही शिरायचं नाही. मागून येत असेल तर मी सरळ रस्ता सोडून साइडपट्टीवर उभी राहते आणि ती जाऊ देते. पुढं चालली असेल तर मागं अंतर ठेवून राहायचं, कारण मोळीतून कांडी निसटून पडतात. पडलेला ऊस चाकाखाली आला की तो गोल फिरतो आणि सायकल अंगाखालून निघून जाते. त्यावरून जावंच लागलं तर सरळ, हँडल न वळवता, ब्रेक न दाबता.

उजेडाआधीच्या वेळी कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून ठरवलं : सूर्य वर येईपर्यंत रंकाळा आणि गावातले दिव्यांचे रस्ते, बाहेरगावचा रस्ता फक्त रविवारी आणि उजाडल्यावर. इथं डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास होतो, हे लक्षात ठेवून निघायचं. अंगावर फिकट किंवा भडक रंग. काळ्या-करड्या टी-शर्टात माणूस उसाच्या फडाच्या पार्श्वभूमीवर दिसत नाही.

एका गुऱ्हाळापाशी थांबले. कढईवरची मळी काढत होते. तिथल्या मावशींनी काकवी पुढं केली. माझं दुखणं सांगितल्यावर त्यांनी वाटी मागं घेतली नाही, पण बोटभरच दिली. गूळ साखरेपेक्षा चांगला असतो असं आपण म्हणतो. चवीला नक्कीच चांगला, पण माझ्या रक्ताला दोन्ही जवळपास सारखेच.

1 डिसेंबर, रविवार

हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. तळहाताच्या बाहेरच्या कडेतून जाणारी शीर हँडलवर दाबली जाते, त्यानं होतं. कोपर ताठ न ठेवता किंचित वाकवून, खांदे सैल सोडून, दर थोड्या वेळानं पकड बदलत चालवलं की थांबतं. सीट पुढं झुकलेलं असेल तर अंग हातांवर घसरतं, तेही सपाट करून घेतलं.

बसायच्या जागेबद्दल बायका बोलत नाहीत, पण सायकल सुटते ती बहुतेक याच कारणानं, म्हणून लिहितेच. भाच्याचं सीट अरुंद होतं. आपण बसतो ती खालची दोन हाडं, त्यांतलं अंतर बायकांत बहुधा जास्त असतं. ती हाडं सीटच्या रुंद भागावर टेकली पाहिजेत, नाहीतर सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. थोडं रुंद सीट घेतलं, आणि पॅडची सायकलिंग पँट. ती थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं काही नको, कारण शिलाई घासते. वर सैल कुर्ता. ओढणी घरीच. फार जाड, गादीसारखं मऊ सीट मात्र घेऊ नये. हाडं त्यात रुततात आणि बाजूचं सगळं दाबलं जातं.

8 डिसेंबर

कळंब्याच्या तलावावरून कात्यायनीच्या रस्त्याला. पहिला खरा चढ. पुढं 28, मागं 28, आणि पाढा सतराऐवजी बाराचा. मध्येच उतरून ढकलत नेली, श्वास खाली आल्यावर पुन्हा बसले. चढावर पुन्हा बसायचं तर आधी सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरायची, पायडल वर आणून ठेवायचं, मागं गाडी नाही ना बघायचं. सरळ उभ्या चढावर सुरुवात होत नाही.

उतरताना दोन्ही ब्रेक एकदम, थोडे दाबून थोडे सोडून. सायकल थांबवायची ताकद जास्त पुढच्या ब्रेकात असते, म्हणून अंग मागं न्यायचं.

15 डिसेंबर, रविवार

पंक्चर. बाभळीचा काटा. शिंगणापूरच्या रस्त्याला, जवळ दुकान नाही. सुटं साहित्य सोबत होतं म्हणून निभावलं. टायर उचलायचे दोन प्लास्टिकचे चमचे, पॅच, छोटा पंप. मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणायची, मग चाक सहज सुटतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधायचा. तो तिथंच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसणार.

माझ्या ट्यूबला मोटरसायकलसारखाच वॉल्व आहे, त्यामुळं कुठल्याही पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते. बारीक लांब वॉल्व असलेल्या सायकलीला पितळी अडॅप्टर लागतो. तो छोटासा तुकडा सीटखालच्या पिशवीत कायम हवा, कारण गावाकडच्या पंपाला तो वॉल्व चालत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. अंदाजानं अंगठा दाबून भरायचे दिवस या टायरांत गेले, कमी हवेत खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते.

22 डिसेंबर

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजलेली नाडी : सुरुवातीला 82, आता 73. आतापर्यंत दिसलेला सगळ्यात स्पष्ट बदल हाच. वजन जेमतेम दोन किलो उतरलंय. कंबर मात्र सैल झाली, सलवारीची नाडी सांगते. सासूबाई म्हणतात चेहरा उतरलाय, खा जरा.

आप्पांनी आज विचारलं, “बैठका मारतीस का न्हाय?” सायकलवर हाडांवर भार येत नाही, त्यामुळं हाडं बळकट व्हायला सायकल पुरत नाही. चाळिशीनंतर बायकांना हे विशेष. भिंतीला धरून अर्ध्या बैठका आणि पाण्यानं भरलेल्या कळशा उचलून ठेवणं सुरू केलं. टाच आता सकाळी दुखत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा चालणंही.

5 जानेवारी 2025, रविवार

शिवाजी पुलावर धुकं, नदी दिसत नव्हती. गेले नाही, परत फिरले. रंकाळ्यावर तासभर.

16 जानेवारी

रिपोर्ट आला. 5.8.

अजून 5.7 च्या खाली नाही, म्हणजे उंबरठा ओलांडून अंगणात आलेले नाही. पण दिशा फिरली. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, पुन्हा तीन महिने म्हणाले. हे सगळं सायकलीच्या खात्यावर मी घालणार नाही. रात्रीचा भात निम्मा केला, चहातली साखर बंद केली, जेवल्यावर लगेच आडवं होणं सोडून अंगणात फेऱ्या सुरू केल्या. यातला कुणाचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही. सायकलीनं मात्र एक गोष्ट नक्की केली : पहाटेचा तासभर घरात सगळ्यांनी माझा म्हणून मान्य केला. आता मी निघाले नाही तर आमचे हेच विचारतात, बरं नाही का म्हणून. डबा भरायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

आईला फोन करून आकडा सांगितला. ती बराच वेळ बोलत राहिली.

26 जानेवारी, रविवार

कात्यायनीचा चढ न उतरता. पाढा सतराचा.

9 फेब्रुवारी, रविवार

पन्हाळा.

शहरापासून वीसेक किलोमीटर. आप्पांना शनिवारी विचारलं, ते म्हणाले, “आता जा.” सोबत ऑफिसातले दोघं. आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्या वेगानं यायचं असेल तर या, नाहीतर वर भेटा. ते माझ्या वेगानं आले, हे मला फार आवडलं.

उजाडताना शिवाजी पूल, मग रजपूतवाडी, केर्ली. केर्लीतून जोतिबाचा फाटा फुटतो. इथपर्यंत रस्ता फसवा आहे, सपाट वाटतो पण हळूहळू वर चढत असतो. इथं पाय उडवले की पुढं उरत नाही. मी मधल्या चकतीवरच राहिले. निघायच्या आधी एक केळं, वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता.

वाघबीळपासून वळलं की खरं काम. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, गड त्याहून तीनेकशे मीटर वर, आणि त्यातला बराच चढ या शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत. पुढं 28, मागं 28. मिनिटाला साठ फेरे मारले तर या गिअरवर ताशी आठेक किलोमीटर होतात, हे वहीतल्या हिशेबावरून माहीत होतं, त्यामुळं आकडा बघून जीव घाबरला नाही. आठ म्हणजे आठ. वळणाच्या आतल्या बाजूला चढ उभा असतो, बाहेरच्या बाजूला थोडा सोसतो, पण समोरून गाड्या येतात तेव्हा आपली डावी कड सोडायची नाही. आतल्या उभ्या भागावर सीटवरून न उठता थोडं पुढं सरकले आणि छाती हँडलकडं नेली, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. सोबतचे दोघं उभं राहून पायडल मारत होते. त्यांना जमतं, पण त्यात दम लवकर जातो.

मध्ये एका ठिकाणी पाढा तुटला. तेव्हा सगळे थांबलो, कठड्याला टेकून पाणी प्यालो, नाडी खाली आली आणि पुढं निघालो. थांबण्यात काही कमीपणा नाही. दम म्हणजे न थांबणं असं मला आता वाटत नाही. थांबल्यावर किती लवकर श्वास जागेवर येतो, तो दम. ऑक्टोबरात जिना चढून वर आल्यावर मला बोलायला जितका वेळ लागायचा, त्याहून कमी वेळ आज घाटात लागला.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी पोचलो. 1660 च्या पावसाळ्यात याच गडावरून महाराज वेढ्यातून निसटले आणि मावळे रात्रभर चिखलातून विशाळगडाकडं पळत गेले, हे शाळेपासून ऐकलेलं. पायांनी चढून आल्यावर त्या अंतराचा अर्थ वेगळाच लागतो. पुतळ्याला हात जोडले. मग तीन दरवाजाकडं थोडं फिरलो, झुणका-भाकरी खाल्ली, मी एकच भाकरी.

उतार चढापेक्षा अवघड आहे, हे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. रविवारी उशीर झाला की पर्यटकांच्या गाड्या वर यायला लागतात आणि वळणावर त्या मधून येतात. आम्ही त्याआधी निघालो. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते आणि हातही आखडतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे, वळण संपलं की पुन्हा. दोन्ही पायडल आडवी, एका रेषेत. वळताना मात्र आतल्या बाजूचं पायडल वर, नाहीतर ते रस्त्याला घासतं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं, साधा चष्मा हवाच.

घरी आल्यावर आप्पा कट्ट्यावर होते. विचारलं नाही काही, सायकलीकडं बघितलं, मागचा ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, “पॅड बदल.”

17 फेब्रुवारी

पॅड बदलले. चेन कोरड्या फडक्यानं पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, मग पुन्हा पुसून काढलं. वर तेल राहिलं की रस्त्याची धूळ धरतं आणि चेन खाते. खोबरेल किंवा गाडीचं इंजिन ऑइल नको, सायकलच्या चेनचं तेल वेगळं मिळतं.

आता ऊन चढायला लागलंय. मार्चपासून रविवारचा रस्ता आठच्या आत संपवायचा, पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत चिमूटभर मीठ आणि लिंबू. आठवड्याचे दिवस रंकाळा तसाच. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सासनकाठ्या निघतील तेव्हा केर्लीचा रस्ता सोडून बालिंगा आणि कळ्याकडं जायचं. पुढचं रक्त एप्रिलच्या मध्याला. जाऊ म्हणते तिलाही यायचंय. तिची उंची माझ्यापेक्षा कमी आहे, तिच्यासाठी लहान मापाची सायकल बघायला शनिवारी जायचं.